जेसी डेव्हिस : शालेय समुपदेशनाचा पाया घालणारा मुख्याध्यापक

शिक्षणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात मार्गदर्शन आणि समुपदेशन हा विषय आला की आरंभीच दोन अमेरिकन नावे भेटतात. एक फ्रँक पार्सन्स आणि दुसरे जेसी डेव्हिस. पार्सन्स यांना व्यवसाय मार्गदर्शनाचे जनक म्हटले जाते आणि त्यांच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. डेव्हिस यांच्या वाट्याला मात्र पाठ्यपुस्तकांत बहुधा दोन-चार ओळीच येतात. तरीही शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला डेव्हिस अधिक जवळचे वाटावेत असे आहेत. पार्सन्स कायद्याचे पंडित होते आणि त्यांचे कार्य शाळेबाहेर उभे राहिले. डेव्हिस हाडाचे शिक्षक. मुलाला त्याच्या आयुष्याची वाट शोधण्यासाठी मदत करणे हे शाळेचेच काम आहे, असे मानून त्यांनी ते काम वेळापत्रकात बसवले. पुढे देशभर विखुरलेल्या अशा कार्यकर्त्यांची व्यावसायिक संघटना उभारण्यातही ते आघाडीवर राहिले. आज जगभर शालेय समुपदेशकांच्या ज्या संघटना कार्यरत आहेत, त्यांच्या इतिहासाचे पहिले पान या मुख्याध्यापकाच्या नावाशिवाय लिहिता येत नाही.

जेसी बट्रिक डेव्हिस यांचा जन्म १८७१ सालचा. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. अशा घरात सेवा हा शब्द रोजच्या बोलण्यातला असतो, आणि प्रत्येक माणसाला काही विशिष्ट कार्यासाठी हाक आलेली असते, अशी श्रद्धा लहानपणापासून मनात रुजते. डेव्हिस यांच्या पुढील सर्व विचारांत ही श्रद्धा दिसते. मात्र आपल्याला नेमकी कोणती हाक आली आहे, हे त्यांना स्वतःला फार उशिरा उमगले. कोलगेट विद्यापीठात शिक्षण झाले, तरी पुढे काय करायचे हा प्रश्न सुटलेला नव्हता. अभ्यासात हुशार, घरचे संस्कार उत्तम, प्रकृती धडधाकट, आणि तरीही दिशा नाही. शाळेने भाषा दिली, गणित दिले, इतिहास दिला; पण हे सारे घेऊन जायचे कुठे, याविषयी वर्गात कधी कोणी विचारले नव्हते. तरुणपणीची ही अस्वस्थता त्यांनी आयुष्यभर विसरली नाही. त्यांच्या साऱ्या कार्याचे मूळ याच अनुभवात सापडते.

त्या काळची अमेरिका समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाची तीव्रता ध्यानात येत नाही. शेतावर जन्मलेला मुलगा शेतकरी होणार आणि सुताराचा मुलगा सुतार, ही जुनी व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ढासळत होती. रेल्वे, पोलाद, कापड आणि यंत्रसामग्रीचे कारखाने वाढत होते. खेड्यांतून शहरांकडे आणि युरोपातून अमेरिकेकडे माणसांचे लोंढे येत होते. नवे धंदे शेकड्यांनी निर्माण झाले होते, आणि त्यांतले बहुतेक मुलांच्या आईवडिलांना ठाऊकही नव्हते. माध्यमिक शाळा पूर्ण करणारी मुले तर अगदी मोजकी होती. १९०० च्या सुमारास सतरा वर्षे वयाच्या दर शंभर मुलांमागे जेमतेम सहा-सात मुले माध्यमिक शिक्षण पूर्ण करत. उरलेली बहुतेक मुले चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा सोडून हाताला मिळेल त्या कामाला लागत. त्या वयात मिळणारे काम बहुधा निरोप पोचवण्याचे, गाठोडी बांधण्याचे किंवा यंत्रापुढे उभे राहण्याचे असे. त्यात शिकण्यासारखे काही नसे आणि वर चढण्याची वाटही नसे. मूल एकदा तिथे अडकले की अडकलेच.

१८९५ च्या सुमारास डेव्हिस डेट्रॉइट शहरातील सेंट्रल हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. १८९८ पासून १९०७ पर्यंत त्यांच्याकडे अकरावीच्या मुलामुलींची विशेष जबाबदारी होती. या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या आणि पुढील आयुष्याच्या अडचणी समजून घेऊन त्यांना सल्ला देणे, हा त्या जबाबदारीचा मुख्य भाग होता. समुपदेशक हे पद तेव्हा शाळांच्या सेवकयादीत कुठेही नव्हते. त्यासाठी प्रशिक्षण नव्हते, पुस्तके नव्हती, चाचण्या नव्हत्या. हाती होते ते केवळ मुलांशी बोलणे. या नऊ वर्षांच्या संवादातून त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. अभ्यासात मागे पडणाऱ्या किंवा शिस्त मोडणाऱ्या मुलांपैकी अनेकांची खरी अडचण बुद्धीची वा स्वभावाची नसते. आपण हे सारे कशासाठी शिकतो आहोत, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. ते उत्तर सापडले की अभ्यासाला अर्थ येतो आणि वर्तनही आपोआप सुधारते. शिस्तीचा प्रश्न छडीने सोडवण्याच्या त्या काळात एका शिक्षकाने असा विचार करणे ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरी गोष्टही त्यांच्या ध्यानात आली, आणि ती अधिक अडचणीची होती. एकेका मुलाशी बोलून सल्ला देणारा एक माणूस सगळ्या शाळेला पुरा पडू शकत नाही. जी मुले आपणहून येतात किंवा जी गोंधळ घालून लक्ष वेधून घेतात, त्यांच्यापर्यंत तो पोचतो. शांत बसणारी मधली मुले तशीच राहतात. शिवाय अकरावीपर्यंत यायच्या आतच कितीतरी मुलांनी शाळा सोडलेली असते. मदत व्हायची तर ती सर्वांना व्हायला हवी आणि लवकर व्हायला हवी. पण ती द्यायची कशी?

या प्रश्नाचे उत्तर देण्याची संधी १९०७ साली चालून आली. मिशिगन राज्यातीलच ग्रँड रॅपिड्स या शहरातील सेंट्रल हायस्कूलचे मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे आले. हे शहर लाकडी सामानाच्या कारखान्यांसाठी देशभर प्रसिद्ध होते. खुर्च्या, टेबले, कपाटे घडवणाऱ्या या कारखान्यांत हजारो कामगार राबत आणि त्यांत हॉलंडहून आलेल्या कुटुंबांचा भरणा मोठा होता. १९११ साली याच कामगारांनी वेतन आणि कामाचे तास यांसाठी अनेक आठवडे चाललेला संप केला. अशा शहरातील मुलांपुढे कारखान्याचे फाटक सदैव उघडे असते. त्या फाटकातून आत जायचे की आणखी चार वर्षे शाळेत काढायची, हा निर्णय बारा-तेरा वर्षांच्या वयातच घरोघरी होत असे, आणि तोही बहुधा मुलाशी न बोलता.

डेव्हिस यांनी योजलेला उपाय साधा होता. नवा विषय काढला तर वेळ नाही, शिक्षक नाही आणि पैसाही नाही. पण इंग्रजी निबंधलेखनाचा तास प्रत्येक इयत्तेला होता आणि प्रत्येक मुलाला तो चुकत नव्हता. निबंधाला काहीतरी विषय लागतोच. मग तो विषय मुलाचे स्वतःचे आयुष्य का असू नये? सातवीपासून बारावीपर्यंतच्या वर्गांत ठरावीक निबंध या कामासाठी राखून ठेवण्यात आले आणि इंग्रजीच्या शिक्षकांवर ती जबाबदारी सोपवण्यात आली. पूर्ण शालेय व्यवस्थेत बसवलेला, इयत्तावार आखलेला असा मार्गदर्शनाचा कार्यक्रम यापूर्वी कुठे झालेला नव्हता. म्हणूनच १९०७ हे वर्ष शालेय समुपदेशनाच्या इतिहासात आरंभबिंदू मानले जाते.

या आखणीमागे मुलाच्या वाढीचा क्रम होता. सातवी-आठवीच्या मुलांनी आपल्या इच्छा-आकांक्षांविषयी आणि शिक्षणाच्या उपयोगाविषयी लिहायचे. शाळा सोडण्याचा विचार घरात सुरू होतो तो याच वयात, म्हणून शिक्षणाचे मोल याच वयात पटवायचे. नववीत थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे वाचून कोणत्या गुणांमुळे माणूस यशस्वी होतो हे शोधायचे आणि मग स्वतःकडे पाहायचे. दहावीत जगात कोणकोणती कामे चालतात आणि त्यांतून समाजाची सेवा कशी घडते याचा अभ्यास. अकरावीत व्यवसायाची निवड आणि त्यासाठी लागणारी तयारी. बारावीत आपल्या व्यवसायातून इतरांशी येणारे संबंध, नागरिकाची कर्तव्ये आणि नीती. म्हणजे स्वतःपासून सुरुवात करून मूल हळूहळू जगाकडे जाते, आणि जगाकडून पुन्हा आपल्या जबाबदारीकडे येते.

निबंध लिहायचा तर माहिती हवी. त्यासाठी शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाची साथ मिळाली. चरित्रे आणि निरनिराळ्या धंद्यांची माहिती देणारी पुस्तके मुलांच्या हाती जाऊ लागली. शिक्षक निबंध तपासू लागले तेव्हा त्यांना व्याकरणाच्या चुकांबरोबर मुलाच्या मनातल्या गोष्टीही दिसू लागल्या. कोणाला घरी दुकानात बसवणार आहेत, कोणाला यंत्रांची ओढ आहे, कोणाला आपण काहीच करू शकणार नाही असे वाटते, हे त्या वह्यांतून कळू लागले. इंग्रजीचा तासही त्यामुळे अधिक जिवंत झाला, कारण स्वतःविषयी लिहिताना मूल कागद कोरा ठेवत नाही.

डेव्हिस ग्रँड रॅपिड्समध्ये हा प्रयोग करत असताना, पूर्वेकडच्या बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांचे काम आकार घेत होते. १८५४ साली जन्मलेले पार्सन्स आधी अभियंता, मग मजूर, शिक्षक, वकील आणि प्राध्यापक असे अनेक धंदे करून चुकलेले गृहस्थ. १३ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू केले. स्वतःला ओळखा, व्यवसायांची माहिती घ्या आणि या दोहोंचा विचारपूर्वक मेळ घाला, ही त्यांची तीन पायऱ्यांची पद्धत पुढे सर्वत्र मान्य झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये प्रकाशित झाले. त्यांचे काम मेयर ब्लूमफील्ड यांनी पुढे नेले आणि बॉस्टनच्या शाळांतील शिक्षकांना या कामाची दीक्षा मिळू लागली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ईलाय वीव्हर, सिॲटलमध्ये अ‍ॅना रीड असे आणखी काही लोक आपापल्या परीने झटत होते. १९१० पर्यंत देशातील पस्तीसेक शहरांत काही ना काही सुरुवात झाली होती.

पण ही सारी माणसे एकमेकांना फारशी ओळखत नव्हती. एकाने केलेली चूक दुसरा पुन्हा करत होता आणि एकाला सापडलेली युक्ती दुसऱ्यापर्यंत पोचत नव्हती. कोणी शिक्षक होते, कोणी समाजसेवक, कोणी उद्योजक, कोणी ग्रंथपाल. या कामाला निश्चित नाव नव्हते, त्याची पात्रता ठरलेली नव्हती आणि त्याची जबाबदारी कोणाची हेही ठरलेले नव्हते. अशा अवस्थेत मनापासून काम करणारा माणूस एकटा पडतो आणि तो गेला की त्याचे कामही थांबते. संघटनेची गरज निर्माण होते ती येथे. १९१० साली बॉस्टनला आणि १९१२ साली न्यूयॉर्कला राष्ट्रीय परिषदा झाल्या. तिसरी परिषद ऑक्टोबर १९१३ मध्ये भरली ती डेव्हिस यांच्याच गावी, ग्रँड रॅपिड्सला. औद्योगिक शिक्षणाचा प्रसार करणाऱ्या संस्थेचे अधिवेशनही त्याच वेळी तेथे भरले होते. याच परिषदेत राष्ट्रीय व्यवसाय मार्गदर्शन संघटनेची स्थापना झाली. शिकागो विद्यापीठाचे फ्रँक लेव्हिट पहिले अध्यक्ष झाले. संघटनेच्या संस्थापकांत गणले गेलेले डेव्हिस १९१४ मध्ये दुसरे अध्यक्ष झाले.

संघटना स्थापन करणे एक वेळ सोपे. तिच्यात भिन्न मतांच्या लोकांना एकत्र ठेवणे कठीण. या संघटनेत पहिल्यापासून एक मोठा मतभेद होता, आणि तो किरकोळ नव्हता. शाळा सोडून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला चांगली नोकरी शोधून द्यावी, की मुळात त्याला नोकरीला जाऊच देऊ नये? न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅलिस बॅरोज यांनी शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलांची पाहणी केली होती. या वयाच्या मुलांसाठी भवितव्य असलेली कामे जवळजवळ नाहीतच, म्हणून त्यांना कामाला लावण्याऐवजी शिक्षण द्यावे, असा त्या पाहणीचा रोख होता. उलट, गरीब घरातील मुलाला उद्याच्या शिक्षणाचे आश्वासन पुरत नाही, त्याला आज वेतन हवे, असे म्हणणारेही होते. कारखानदारांना तर मार्गदर्शन म्हणजे योग्य कामगार मिळवण्याची सोय वाटत होती. मार्गदर्शन कोणासाठी, कारखान्यासाठी की मुलासाठी, हाच मूळ प्रश्न होता.

डेव्हिस यांची भूमिका मुख्याध्यापकाची होती. मार्गदर्शन म्हणजे नोकरी मिळवून देणे नव्हे. ती शिक्षणाचीच एक अखंड प्रक्रिया आहे, असे ते मानत. तेराव्या वर्षी मुलाचा धंदा कायमचा ठरवून टाकावा असे त्यांचे म्हणणे नव्हते. मुलाला विचार करण्याची सवय लागावी, म्हणजे निर्णयाची वेळ येईल तेव्हा तो स्वतः निर्णय घेऊ शकेल, इतकेच त्यांना साधायचे होते. दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय आपण घेऊ नये हे समुपदेशनाचे आजचे सर्वमान्य तत्त्व त्यांच्या योजनेत बीजरूपाने होते. त्यांच्यासारखा शाळेत मुरलेला माणूस अध्यक्षपदी आल्यामुळे संघटनेत शाळेचा आवाज ठळक राहिला. १९१४ मध्येच व्यावसायिक आणि नैतिक मार्गदर्शनावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात ग्रँड रॅपिड्सचा सारा प्रयोग त्यांनी इतर शिक्षकांना वापरता येईल अशा रीतीने मांडला. १९१५ पासून संघटनेचे वार्तापत्र निघू लागले आणि दूरदूरच्या शाळांतील एकाकी कार्यकर्त्यांना एकमेकांच्या कामाची खबर मिळू लागली.

हे सर्व चालू असताना शाळेचा कारभार थांबलेला नव्हता. माध्यमिक शाळा संपल्यावर घरापासून दूर विद्यापीठात जाणे अनेक मुलांना, विशेषतः मुलींना आणि गरीब घरांतील मुलांना शक्य नव्हते. १९१४ साली ग्रँड रॅपिड्समध्ये दोन वर्षांचे कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले, तेही सेंट्रल हायस्कूलच्याच इमारतीत. मिशिगन राज्यातील हे अशा प्रकारचे पहिले महाविद्यालय. जेमतेम पन्नासेक विद्यार्थ्यांवर सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले प्रमुख डेव्हिस होते. आज ती ग्रँड रॅपिड्स कम्युनिटी कॉलेज या नावाने चालते. मुलाला वाट दाखवायची आणि पुढे वाटच नसेल तर ती तयार करायची, असे या दोन कामांतले नाते होते.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सारे चित्र बदलले. सैन्यात भरती होणाऱ्या सुमारे सतरा लाख जवानांच्या सामूहिक बुद्धिमत्ता चाचण्या घेण्यात आल्या. माणसाची कुवत तासाभरात आकड्यांत मोजता येते, या कल्पनेने शिक्षणक्षेत्र भारावून गेले. युद्धकाळात संघटनेचे काम मंदावले, इतके की ती टिकते की नाही अशी अवस्था आली. १९२० मध्ये तिची पुनर्बांधणी झाली आणि ती पुन्हा उभी राहिली. पण आता वारे चाचण्यांच्या दिशेने वाहत होते. मुलाच्या निबंधातून त्याचे मन वाचणाऱ्या मुख्याध्यापकाची पद्धत जुनी, अशास्त्रीय ठरू लागली. स्वतः उभारलेल्या क्षेत्रात आपला विचार मागे पडताना पाहणे कोणालाही सोपे नसते. डेव्हिस मात्र क्षेत्र सोडून गेले नाहीत.

१९२० साली त्यांनी ग्रँड रॅपिड्स सोडले आणि कनेक्टिकट राज्यात माध्यमिक शिक्षणाच्या देखरेखीचे काम स्वीकारले. १९२४ मध्ये ते बॉस्टन विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३५ ते १९४२ या काळात त्या विद्याशाखेचे अधिष्ठातापदही त्यांनी सांभाळले. एका वर्गापासून सुरू झालेला हा प्रवास एक शाळा, एक राष्ट्रीय संघटना, एक राज्य आणि शेवटी भावी शिक्षक घडवणारी संस्था असा विस्तारत गेला. पदे बदलली, पण विषय तोच राहिला.

१९५२ मध्ये त्यांनी उभारलेली संघटना इतर समविचारी संघटनांबरोबर एकत्र आली आणि अमेरिकेतील समुपदेशकांची मोठी मध्यवर्ती संस्था जन्माला आली. त्याच वर्षी केवळ शालेय समुपदेशकांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी ती या मध्यवर्ती संस्थेचा विभाग बनली. डेव्हिस तेव्हा ऐंशी ओलांडून पुढे गेले होते. त्यांनी १८९८ मध्ये नाव नसलेले जे काम सुरू केले, त्याला आता नाव, प्रशिक्षण, आचारसंहिता आणि हजारो सहकारी लाभले होते. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. एका शाळामास्तराची गाथा अशा अर्थाचे नाव असलेले त्यांचे आत्मचरित्र १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. अध्यक्ष, अधिष्ठाता, प्राध्यापक या साऱ्या बिरुदांतून निवडताना त्यांनी शाळामास्तर हेच बिरुद पसंत केले, यातच त्यांच्या आयुष्याचा अर्थ आहे.

मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या मर्यादा झाकू नयेत. डेव्हिस यांच्या योजनेत उपदेशाचा भाग मोठा होता. चांगले चारित्र्य असले की यश मिळतेच, असा सूर त्यात ऐकू येतो. प्रामाणिक, कष्टाळू मुलालाही गरिबीमुळे, परदेशी जन्मामुळे किंवा कातडीच्या रंगामुळे दारे बंद मिळतात, हे सत्य त्या योजनेत पुरेसे उतरले नाही. मुलींसमोर मांडले जाणारे व्यवसाय त्या काळच्या रूढीत बसणारे, मोजके होते. आणि कामाचा बोजा आधीच वाढलेल्या इंग्रजीच्या शिक्षकावर आणखी एक जबाबदारी टाकली गेली, हेही खरे. या उणिवा पुढच्या पिढ्यांनी दाखवल्या आणि काही अंशी दूरही केल्या. संघटनेचा हाच तर उपयोग असतो. संस्थापकाने जे पाहिले नाही ते पाहणारे डोळे संघटना पुढे आणते.

भारतातही हा विचार हळूहळू रुजला. कोलकाता विद्यापीठात १९३८ साली व्यवसाय मार्गदर्शनाचे काम सुरू झाले आणि मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांच्या नावाने मार्गदर्शन केंद्र निघाले. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची व्यवस्था असावी, असा आग्रह धरला. १९५४ मध्ये दिल्लीत केंद्रीय मार्गदर्शन कार्यालय स्थापन झाले. पुढे कोठारी आयोगाने ही व्यवस्था प्राथमिक शाळेपासून असावी, असे सुचवले. तरीही आजही कितीतरी शाळांत समुपदेशकाची खुर्ची रिकामी आहे, किंवा शेकडो मुलांमागे एकच व्यक्ती आहे. डेव्हिस यांना डेट्रॉइटमध्ये भेडसावलेला तोच प्रश्न, सव्वाशे वर्षांनंतरही तसाच उभा आहे.

आज मुलांपुढे कारखान्याच्या फाटकाऐवजी प्रवेशपरीक्षांची, शिकवणी वर्गांची आणि टक्केवारीची फाटके उभी आहेत. दहावीचा निकाल लागला की घराघरांत शाखेचा निर्णय होतो, आणि बहुधा शेजाऱ्यांच्या मुलाकडे पाहून होतो. मातृभाषेत शिकणाऱ्या आणि परप्रांतात वाढणाऱ्या मुलाच्या मनात तर आणखी एक शंका असते, आपण मागे तर पडणार नाही ना ही. ती शंका तो सहसा बोलून दाखवत नाही. पण त्याच्या मातृभाषेत, त्याच्या वहीत, विश्वासाने विचारले तर तो लिहितो. त्यासाठी चाचणीसंच लागत नाही आणि स्वतंत्र दालनही लागत नाही. एक निबंध, तो मन लावून वाचणारा एक शिक्षक आणि मुलाचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकणारे आईवडील एवढे पुरते. माजी विद्यार्थी येथे फार मोठे काम करू शकतात. आपण कोणत्या वाटेने गेलो, कुठे अडखळलो, काय शिकलो, हे त्यांनी वर्गात येऊन प्रांजळपणे सांगितले, तर ग्रँड रॅपिड्सच्या मुलांनी चरित्रग्रंथांतून जे शोधले ते आजच्या मुलांना समोर बसून ऐकता येईल. शाळेच्या साठ वर्षांची खरी मिळकत म्हणजे अशी हजारो चरित्रे, आणि ती पुढच्या पिढीला वाचायला मिळाली पाहिजेत.